बेबीच्या तोंडून अप्पा

चाळिशी उलटली, डोक्यात पांढरे केस डोकावू लागले, तरी घरात ती बेबीच राहिली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. हे झालं पोटापाण्याचं. खरं काम तिला बोलता यायला लागल्यापासून चिकटलं होतं, आणि त्यातून रजा नव्हती. तिचे आईवडील दोघेही जन्मापासून बहिरे होते आणि बेबी ही त्यांची एकुलती एक, ऐकू येणारी मुलगी. दवाखान्यात, बँकेत, घरमालकासमोर, जिथे जिथे अप्पांना किंवा आईला काही बोलायचं असे तिथे तिथे मध्ये बेबी. अप्पा हातांनी बोलायचे, बेबी तोंडाने. समोरचा तोंडाने बोलायचा, बेबी हातांनी.

यात लहानपणी तिने थोडा फायदाही उपटला होता. शाळेत बाईंनी अप्पांना बोलावून सांगितलं, "तुमची मुलगी वर्गात सारखी बडबड करते, अभ्यासात लक्ष नाही." बेबीने हातांनी अप्पांना सांगितलं, "बाई म्हणतायत, मुलगी हुशार आहे, फक्त थोडी जास्त बोलते." अप्पांनी बाईंना मनापासून नमस्कार केला. बाई गोंधळल्या.

अप्पा छापखान्यात होते. तिथे यंत्रांचा इतका धडधडाट असायचा की ऐकू येणाऱ्यांचे कान काही वर्षांत जात, म्हणून मालकाने बरेच बहिरे कामगार ठेवले होते. "आमचं काय जायचंय?" असं अप्पा हसून सांगत. निवृत्त झाल्यावर दोघं नवराबायको लाकडी फळ्यांची जमीन असलेल्या जुन्या घरात सुखाने राहत होती. एकमेकांना बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटायचा. फळ्या थरथरत, दुसऱ्या खोलीतल्या माणसाच्या तळव्यांना कळे. बेबीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरात आईवडील असेच पाय आपटतात.

मग एका दुपारी आई झोपली ती उठलीच नाही. अप्पा स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. चहाच्या वेळी उठवायला गेले तेव्हा अंग गार पडलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच गेल्या.

त्यानंतर अप्पांचे हात मुके झाले. बेबी त्यांना आपल्या घरी घेऊन आली, नवऱ्याने त्यांच्यासाठी दारावर वाजण्याऐवजी दिवा पेटवणारी घंटा बसवून दिली, पण अप्पा ताटावर बसायचे आणि दोन घास खाऊन उठायचे. विचारलं तर एकच खूण: ठीक. बेबीचा जीव टांगणीला लागला. कामावर निघताना ती तीनतीनदा मागे वळून बघायची.

अप्पांचा एक जुना शेजारी होता, शिंपीकाका. अप्पांशी तो मोडक्यातोडक्या खुणांनी आणि कागदावर लिहून बोलायचा. शिंपीकाका बरेच दिवस सायंटॉलॉजी नावाच्या एका परदेशी पंथाच्या केंद्रात जात होता आणि तिथल्या ऑडिटिंगने, म्हणजे प्रश्न विचारून मनातलं बाहेर काढण्याच्या पद्धतीने, आपल्याला बरं वाटतं असं सांगायचा. एक दिवस अप्पांनी बेबीसमोर येऊन हात हलवले. "मला तिथे जायचंय. तू बोल माझ्यासाठी."

"ऑडिटिंग?" बेबीचा नवरा म्हणाला. "अप्पांच्या कुठल्या कंपनीचे हिशेब तपासणार आहेत?"

बेबी हसली नाही. इतक्या महिन्यांत अप्पांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. नाही कसं म्हणायचं? पण भीती वाटलीच. तिने थोडी चौकशी केली होती. हातात धातूचे डबे देतात, यंत्राचा काटा हलतो, आणि माणसाला मनातलं सगळं विचारतात. कोणी म्हणे त्याने फार फायदा होतो, कोणी म्हणे त्या काट्याला काही अर्थ नाही. बेबीची भीती काट्याची नव्हतीच. अप्पांच्या मनात जे काही आहे ते आता तिच्या तोंडून बाहेर पडणार होतं, आणि ते काय आहे हे तिला माहीत नव्हतं.

केंद्रातल्या ऑडिटर बाई शांत होत्या, साधारण बेबीच्याच वयाच्या. त्यांनी आधीच सांगितलं, "एरवी आम्ही खोलीत तिसरं माणूस ठेवत नाही. इथे इलाज नाही. पण तुम्ही एक करायचं. ते सांगतील तेवढंच बोलायचं. पदरचं घालायचं नाही, गाळायचं नाही. आणि ते 'मी' म्हणाले तर तुम्हीही 'मी' म्हणायचं."

"माहीत आहे," बेबी म्हणाली. "जन्मभर तेच करतेय." शाळेतल्या बाई तिला आठवल्या आणि तिने मान खाली घातली.

खोली लहान होती. एक टेबल, तीन खुर्च्या, आणि सत्र चालू आहे, आत येऊ नये अशी दारावर बाहेरून पाटी. बाईंनी विचारलं, झोप झाली का? जेवून आलात का? खोली फार गार तर नाही ना? उपाशी किंवा थकलेल्या माणसाचं सत्र त्या घेत नसत. मग त्यांनी अप्पांच्या दोन्ही हातांत एकेक धातूचा डबा दिला. डब्यांच्या तारा टेबलावरच्या यंत्राला जोडलेल्या होत्या. यंत्राचं तोंड बाईंकडे, त्यामुळे काटा फक्त त्यांनाच दिसत होता.

"डबे हलके दाबा," बाई म्हणाल्या. बेबीने खुणा केल्या. अप्पांनी दाबले. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "ठीक. हे सत्र सुरू झालं. आत्ता तुम्हाला कसली काळजी आहे का?"

अप्पांनी प्रश्न पाहिला. उत्तर द्यायला हात उचलले, तर हातांत डबे! त्यांनी ते मांडीवर ठेवले आणि बोलायला लागले. बाई म्हणाल्या, काटा आडवा पडला. डबे उचलले की अप्पा मुके, खाली ठेवले की यंत्र मुकं. असं दोनतीनदा झालं तेव्हा अप्पांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. बेबीला वाटलं रडतायत. बघते तर हसत होते.

त्या दिवशी सत्र थांबलं. पुढच्या वेळी बाईंनी दोन्ही डबे मध्ये रबर घालून एकाला एक बांधलेले आणले, म्हणजे एका हातात मावतील असे. ते अप्पांच्या डाव्या हातात दिले आणि उजवा मोकळा ठेवला. एका हाताने बोलणं म्हणजे तोंडात घास ठेवून बोलण्यासारखं, पण बेबीला कळत होतं.

"तुमच्या मनात वारंवार येतो असा एखादा प्रसंग आहे?" बाईंनी विचारलं.

अप्पांनी उजवा हात उचलला. बेबीने बोलायला सुरुवात केली.

"बायको गेली तो दिवस."

"ठीक. त्या प्रसंगाच्या सुरुवातीला जा. काय घडतंय ते सांगा."

"मी मटार सोलतोय. माझी पाठ दाराकडे आहे. ती आत झोपलीय. चहाची वेळ होते. मी उठतो. ती गार पडलीय."

"ठीक. पुन्हा सुरुवातीला जा. काय घडतंय ते सांगा."

बेबीला वाटलं, बाईंना कळलं नाही की काय? मग उमगलं की पद्धतच अशी आहे. तोच प्रसंग, पुन्हा, पहिल्यापासून. बाई सांत्वन करत नव्हत्या, अर्थ लावत नव्हत्या, मान डोलवून "अरेरे" म्हणत नव्हत्या. काट्याकडे बघायच्या, लिहायच्या, "ठीक" म्हणायच्या. आणि बेबी आपल्याच आईचं मरण आपल्याच तोंडाने 'मी' म्हणून पुन्हा पुन्हा सांगत होती.

प्रत्येक फेरीत काहीतरी वाढत होतं. वाटीत किती मटार होते. खिडकीतून ऊन कुठवर आलं होतं. मग अप्पांचा हात जोरात चालायला लागला.

"माझे तळवे जमिनीवर आहेत. मी अनवाणी आहे. तिने पाय आपटला असता तर मला कळलं असतं. तिने नक्की बोलावलं असणार. मला काही कळलं नाही."

बेबी बोलून थांबली. पण अप्पांचा हात थांबला नव्हता. बोटं आडवी सरकली, मग जाडी दाखवली, मग दोनदा गालाला टेकली. गालावर दोन टिचक्या ही बेबीची खूण. घरात तिचं नाव तेच.

गालिचा. जाड गालिचा. बेबीने आणलेला.

थंडीत आईचे पाय गार पडायचे म्हणून तिनेच तो आणला होता. आईच्या पलंगाखालून थेट दारापर्यंत अंथरला होता. बेबीच्या डोक्यात हे इतक्या महिन्यांत एकदाही आलं नव्हतं. तिचे ओठ उघडले, मिटले, आणि ती म्हणाली, "मग मी उठून तिच्या खोलीत गेलो."

बाई काट्याकडे बघत होत्या.

"आत्ता, त्याच्या जरा आधी," त्या म्हणाल्या. "तिथे काहीतरी होतं. ते काय होतं?"

अप्पांना हा प्रश्न विचारावाच लागणार होता. तिने हात उचलले आणि विचारला. अप्पांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं आणि खुणेने म्हणाले, "सांगितलं की."

आता पळायला जागा नव्हती. बेबी टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "खोलीत जाड गालिचा होता. त्यावर पाय आपटला तर फळ्यांना कळत नाही. तो... तो माझ्या लेकीने आणला होता."

"ठीक," बाई म्हणाल्या.

एवढंच. लेकीचा दोष नाही, असं कोणी म्हणालं नाही. आहे, असंही नाही. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. बेबीला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला.

"याच्या आधीचा, असाच एखादा प्रसंग आहे का?" बाईंनी विचारलं.

अप्पा डोळे मिटून बसले. मग त्यांचा हात हळूहळू चालू लागला आणि बेबी बोलू लागली.

"मी लहान आहे. शेजारच्या मुलांबरोबर लपाछपी खेळतोय. ती सगळी ऐकू येणारी. मी लाकडांच्या ढिगामागे लपलोय. कोणीतरी ओरडलं असणार, खेळ संपला, घरी चला. सगळे गेले. मला काय माहीत? मी दडूनच. अंधार पडायला आला. मला कोणी शोधू शकत नाही म्हणून मी खूश. मला वाटतंय, मी जिंकतोय."

अप्पा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. बेबीला ही गोष्ट अजिबात माहीत नव्हती. आईला माहीत होती की नाही, कोण जाणे.

बाईंनी काट्याकडे बघून सांगितलं, "तुमचा काटा आता मोकळा तरंगतोय. इथे थांबू या. सत्र संपलं." काटा असा झाला की त्या प्रसंगाचा ताण सुटला, असं तिथे मानत. मग खात्रीसाठी शेजारच्या खोलीत दुसऱ्या एका माणसाने अप्पांच्या हातात पुन्हा डबे देऊन काटा पाहिला, जास्त काही न विचारता मान हलवली, आणि बापलेक बाहेर पडली.

बसथांब्यावर अप्पांचे दोन्ही हात मोकळे झाले. ते म्हणाले, "तू गाळलंस. माझा हात लांबलचक बोलला आणि तुझे ओठ लगेच मिटले."

"अप्पा, तुम्हाला असं वाटतं का, माझ्यामुळे..." बेबीच्या हातांना पुढची खूण करता येईना.

अप्पांनी खोटं सांगितलं नाही. "वाटत होतं. काही दिवस वाटत होतं. तुझ्याकडे बघवत नव्हतं."

"आणि आता?"

"डॉक्टर म्हणाले, झोपेत गेली. झोपेत कोण पाय आपटतं? हे मला कळतं. तरी मनात येतं. काय करू?"

बस आली. अप्पांनी तिला खिडकीजवळची जागा दिली आणि वाटभर तिचं मनगट धरून बसले.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगून टाकलं, "माझ्याच्याने होणार नाही. मी तिथे बसले तर पुन्हा गाळीन."

"मग त्यांचं जाणं बंद करायचं?"

"नाही. दुसरं कोणीतरी बघायचं."

बहिऱ्या मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका तयार झाल्या. अप्पांनी आढेवेढे घेतले नाहीत. उलट बेबीला वाटलं, त्यांना जरा सुटल्यासारखंच झालं. ते जायचे त्या दुपारी बेबी दुकानात काच घासत असायची आणि तिचं लक्ष उडालेलं असायचं. आत्ता काय सांगत असतील? आईबद्दल? माझ्याबद्दल? जन्मात पहिल्यांदा अप्पा कोणाशी तरी बोलत होते आणि ते तिच्या तोंडून जात नव्हतं. एकदा तिने एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. तो बिचारा आरशात बघून घाबरला.

संध्याकाळी ती विचारायची, "कसं झालं?"

"चांगलं," अप्पा सांगायचे, आणि बसमध्ये कोण भेटलं ते सांगत बसायचे.

काही महिन्यांनी त्यांनी जाणं थांबवलं. पुरे झालं म्हणाले. आता ते पोटभर जेवतात, दुपारी गाढ झोपतात, शिंपीकाकाबरोबर फिरायला जातात. हे डब्यांनी झालं, काट्याने झालं, की मनातलं एकदा बाहेर पडल्याने, हे बेबीला कळलेलं नाही. नवरा म्हणतो, "कशानेही होऊ दे." ते तिला पटतं, पण काळजीची सवय सुटत नाही.

कधी कधी अप्पा आपल्या खोलीत बसून स्वतःशीच बोलतात. मांडीवर बोटं हलत असतात, जसं आपण पुटपुटतो तसं. दार उघडं असलं की जातायेता बेबीला दिसतं, आणि दिसलं की कळतं. परवा तिला आईची खूण दिसली, त्यामागून गालावरच्या दोन टिचक्या. ती दारात थबकली. मग पुढची खूण न बघता, हातातले धुतलेले कपडे सावरून ती पुढे गेली आणि ते घडी करत बसली.