बाळ पेटीतच राहू दे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढेही तोंडातून काढलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असालच, तर जी बाई तुम्हाला ठाऊक आहे ती मी नव्हे, एवढं एकदा कळलेलं बरं.

भोर-वेल्ह्याकडच्या एका रुग्णालयात मी चौदा वर्षं प्रसूती विभागाची इन्चार्ज सिस्टर होते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही — जे केलं ते इमारतीनं केलेलं नाही. हाताखाली सात नर्सेस आणि दोन आया. सगळ्या मला ‘मोठ्या सिस्टर’ म्हणत. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि कुणीतरी म्हणालं की मोठ्या सिस्टरांच्या ड्युटीला कधी बाई अडली नाही. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून हसले. किती सहज जमतं बघा.

बाई अडली नाही, हे खोटं नव्हतं. पण का अडली नाही? आमच्या वॉर्डात एक रीत होती आणि ती मीच पाडली होती — टेबल रिकामं करून द्यायचं. सकाळची ड्युटी दोनला संपते. दोन वाजता पुढच्या सिस्टरांच्या ताब्यात वॉर्ड देताना प्रसूतीच्या टेबलावर बाई असता कामा नये. आपल्याकडे आलेली बाई आपल्याच हातून सुटली पाहिजे. अर्धवट बाई दुसरीच्या गळ्यात मारणं म्हणजे माझ्या लेखी कामचुकारपणा. ऐकायला चांगलं वाटतं ना? मलाही वाटायचं. पण पोटातल्या बाळाला घड्याळ कुठं कळतं?

मग साडेबारा-एकपासून आमची घाई सुरू व्हायची. पोटावर कोपरानं दाब. मांडीवर फटके. हात झाडायला लागली तर मनगट गॉजपट्टीनं टेबलाच्या दांडीला बांधायचं. आणि तोंड — तोंड तर सतत चालू. नवऱ्याजवळ जाताना ओरडली होतीस का, हे वाक्य नव्या पोरींना मी शिकवलं. त्याही शिकल्या. कुणाला वाटेल मी रागीट होते म्हणून मारत होते. नाही हो. बऱ्याचदा मी अगदी शांत असायचे. भाकरी थापावी तितक्या सवयीनं माझा हात चालायचा.

एकटी पूनम शिकली नाही. पूनम उत्रोलीची, करारावर लागलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची. बाई आत आली की ही आधी तोंडावरचा मास्क खाली करून आपलं नाव सांगायची. मी पूनम, घाबरू नका ताई, मी इथंच आहे. मी तिची टर उडवायचे. पूनमबाई, ड्युटीला आलात की हळदीकुंकवाला? बाकीच्या खिदळायच्या. ती पण हसायची आणि पुन्हा तेच करायची. मला तिचा राग यायचा, हे आता कळतं. तिच्याजवळच्या बायकाही सुटत होत्या, न मारता — जरा उशिरानं, इतकंच.

त्या दिवशी सारिका आली. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी मार्गासनीला आलेली. आई आणि भाऊ तिला टेम्पोत घालून घेऊन आले. दारात आईनं माझे दोन्ही हात धरले. “बाई, माराय लागलं तर मारा, पन माजी पोर सोडवा.” लेकींच्या अशा आया पुष्कळ पाहिल्यात. घाबरलेल्या माणसानं बोललेलं ते. मी मात्र ते परवानगीसारखं खिशात घालून आत गेले.

सव्वा वाजला तरी सारिका सुटेना. पूनम तिच्या डोक्याशी उभी राहून कपाळ पुसत होती. मी पोट दाबत होते. एक वाजून वीस झाले. मी कोपर रोवलं, आणि सारिकानं कळ आल्यासरशी पाय झाडला — तो माझ्या छातीत बसला. मी मागे आपटले. चष्मा उडाला, मास्क कानावरून निघाला. आणि आमची एक आया हसली. मुद्दाम नाही, फिस्सकन, कुणी पडलं की हसू येतं तसं. पण माझ्या वॉर्डात, माझ्या पोरींसमोर, माझ्यावर!

मी उठले आणि सारिकाच्या तोंडात मारली. सगळ्या ताकदीनं. तिचा ओठ दातावर फाटला, रक्त हनुवटीवर आलं. पूनम “मोठ्या सिस्टर, नको” म्हणाली; मी तिला कोपरानं बाजूला ढकललं आणि दुसरी मारली. केस धरून मान वर केली. लाथ मारतेस? मला? असंच काहीतरी मी ओरडत होते. दुसऱ्या थपडेनंतर सारिका गप्प झाली. एकदम गप्प. नुसती माझ्याकडे बघत राहिली, माझ्या उघड्या तोंडाकडे. तिसरी थप्पड मी तिला ती गप्प झाल्यावर मारली. त्या तिसरीला माझ्याकडे काय कारण आहे? काहीही नाही.

दीड वाजता मुलगा झाला. तो लगेच रडला नाही. हाक मारल्यावर धावत आलेल्या डॉक्टरांनी उचलून शेजारच्या खोलीत नेला, थोड्या वेळानं रडण्याचा आवाज आला, आणि त्याला देखरेखीसाठी काचेच्या पेटीत ठेवलं. मी टाके घातले. मग हात धुतले, रजिस्टरमध्ये ‘नैसर्गिक प्रसूती’ लिहिलं आणि बरोबर दोन वाजता रिकामं टेबल ताब्यात दिलं.

संध्याकाळी भावानं बहिणीचं तोंड पाहिलं. ओठ सुजलेला, गालावर बोटं उठलेली. त्यानं विचारलं, आत कोण होतं? सारिका ग्लानीत होती. तिला नाव एकच माहीत होतं, कारण आमच्यापैकी एकीनंच तिला आपलं नाव सांगितलं होतं. “पूनम सिस्टर व्हत्या,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी भावानं रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरांकडे, आमच्या साहेबांकडे, लेखी तक्रार दिली आणि त्यात ते नाव घातलं.

मी त्याच दिवशी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगू शकत होते. दहा पावलांवर खोली होती. मी दारापर्यंत गेलेही — आणि आत जाऊन कापसाच्या मागणीवर सही घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. तीन माणसं बसली होती. आधी दोघी आयांना बोलावलं. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. कुणाला कुठली ड्युटी आणि कुणाला सुट्टी हे मी ठरवत होते, तेव्हा त्या काय पाहणार? मग पूनमला विचारलं. ती म्हणाली, मी मारलं नाही. मग कुणी मारलं? ती माझ्याकडे वळली.

“मोठ्या सिस्टर सांगतील ना.”

तिनं माझं नाव घेतलं नाही, कळतंय का तुम्हाला? ती जागा तिनं माझ्यासाठी सोडली. आणि तिच्या नजरेत रागही नव्हता. तिला खरंच वाटत होतं की मी सांगेन. मी म्हणाले, मी त्या वेळी बाहेर रजिस्टर भरत होते, आरडाओरडा ऐकून आत आले. एवढ्यावर थांबायचं ना? पण न विचारताच पुढे म्हणाले की हिला मी यापूर्वीही तोंडी समज दिलेली आहे. पूनमनं मान खाली घातली आणि नंतर एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मग सगळे सारिकाच्या खाटेपाशी गेलो. साहेबांनी पूनमला पुढं उभं करून विचारलं, यांनीच मारलं का? सारिका पूनमकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “व्हय.” पूनमच्या तोंडून नुसता “ताई” एवढाच शब्द निघाला. तिचा करार पुढे वाढवला नाही. दुसरीकडे कुठं तिला नर्स म्हणून घेतलं नाही. वरव्याकडच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते असं ऐकलं. न मारता बाळंतपण करणारी ती पोर आता खोकी बांधते.

इथंवर वाचून तुम्हाला वाटत असेल, हेच ते लपवलेलं. नाही. इथंवरचं पूनमला माहीत आहे, आयांना माहीत आहे. सारिका ‘व्हय’ का म्हणाली, हे आम्हा दोघींनाच माहीत आहे.

चौकशीच्या दिवशी सकाळी आठला बाळाचे डॉक्टर येऊन गेले होते. बाळ उत्तम आहे, आता पेटीची गरज नाही, आईकडे द्या, असं मला सांगून गेले. मी “हो सर” म्हणाले आणि बाळ दिलं नाही. सारिकाची आई चहा आणायला खाली गेलेली पाहून मी खाटेपाशी गेले. तीन दिवसांत तिनं बाळाला छातीशी धरलेलं नव्हतं. दूध दाटून आलं होतं, गाऊन पुढून ओला झाला होता, ती हात अवघडून बसली होती. मी तिला हळू आवाजात सांगितलं की आज साहेब विचारतील. पूनम सिस्टरनीच मारलं म्हणालीस तर बाळ दुपारी तुझ्या कुशीत. आणखी कुणाचं नाव आलं तर बाळ पेटीतच राहू दे. कदाचित पुण्याला पाठवावं लागेल, तिथं काय होईल मला माहीत नाही.

“माजं बाळ बरं हाय नव्हं, बाई?” तिनं विचारलं.

मी म्हणाले, “बघू.”

बाळ ठणठणीत होतं. काचेआड पाय झाडत, भुकेनं मूठ चोखत होतं, आणि मी ते बघूनच तिच्याकडे आले होते. आठपासून दुपारी एकपर्यंत मी ते तसंच ठेवलं. पूनम मधे दोनदा आत गेली, वाटी-चमच्यानं दूध पाजून आली. का दिलं नाही अजून आईकडे, असं तिनं विचारलं तेव्हा मी तिला कामाला लागायला सांगितलं.

साहेब निघून गेल्यावर मी स्वतः पेटी उघडली. बाळ दुपट्यात गुंडाळलं आणि नेऊन सारिकाच्या मांडीवर ठेवलं. ती रडली नाही. आधी त्याची बोटं मोजली, मग त्याला आईकडे दिलं आणि खाटेवरून खाली उतरायला लागली. मला वाटलं, बाथरूमला जायचं असेल. ती दांडी धरून उभी राहिली, आणि मग माझ्या पायांशी वाकली.

“उपकार झालं बाई,” ती म्हणाली.

टाके ओले होते. मीच घातलेले. वाकताना ती कण्हली, ते मी ऐकलं. तिनं दोन्ही हातांनी माझे पाय धरले, हात कपाळाला लावले. मी तिला थांबवलं नाही.