मला कुणी विचारलं नव्हतं

हे मी घरी सांगितलेलं नाही, कॉलेजात तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच.

तळवड्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. वीसेक वर्षं झाली. कामाला चोख — असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. एकदा तपासणी समिती येणार होती, तेव्हा माझ्या टेबलामागे मी पाटी लावून घेतली : ‘कॉपीराइटविषयी मार्गदर्शन येथे मिळेल’. त्याला समितीकडून गुण मिळतात. पण मार्गदर्शन मला येत होतं का? एका दिवसाच्या कार्यशाळेला गेले होते. जेवण झाल्यावर सही केली आणि पिंपळे गुरवला घरी निघून आले, पाहुणे यायचे होते. प्रमाणपत्र मिळालंच. पाटी समितीनं वाचावी म्हणून होती. कुणी येऊन खरंच विचारेल, असं वाटलंच नव्हतं.

एकानं विचारलं.

माने सर. परभणीकडचे. तासिका तत्त्वावर शिकवायचे — म्हणजे दर वर्षी नव्यानं नेमणूक, झाली तर झाली. त्या वर्षी कायम होण्याची पहिल्यांदाच आशा होती. बायको महाळुंग्यात कंपनीत, शिफ्टला. वर्गातल्या मुलांना त्यांच्या विषयाचं पुस्तक मिळत नाही म्हणून त्यांनी ते अख्खं स्कॅन केलं होतं आणि कॉलेजच्या वेबसाइटवर टाकणार होते.

“मॅडम, टाकू का हे? उगं लफडं नको व्हायला.”

मी नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. मान तरी वर केली का? नाही. “शिकवायलाच ना? मग चालतं. टाका.”

“तुम्ही म्हणलात, झालं मग. स्टाफरूममध्ये हसायलेत मला — पाटी वाचणारा पहिलाच माणूस म्हणून.”

वर्गापुरती काही पानं देणं वेगळं आणि अख्खं पुस्तक जगाला खुलं करणं वेगळं. एवढं सांगायला किती वेळ लागला असता? पण मला ते माहीत नव्हतं, आणि ‘बघून सांगते’ म्हणणं जिवावर आलं — त्या पाटीखाली बसून.

ही झाली चूक. एवढीच असती तर मी ती कधीच सांगून टाकली असती.

काही महिन्यांनी प्रकाशकाची नोटीस आली. प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. माने सर म्हणाले, मॅडमना विचारूनच टाकलं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मला कुणी विचारलं नव्हतं,” मी म्हणाले.

अगदी सहज — आवाजसुद्धा हलला नाही. माने सर माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बघून म्हणाले, “नसंल विचारलं. माझाच काहीतरी घोळ झाला असंल.” त्यांनी वाद घातला असता, तर मी खरं बोलले असते का? नाही. तेच पुन्हा म्हणाले असते, जरा मोठ्यानं.

पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक झाली नाही. इतर कॉलेजांतही नोटिशीची गोष्ट पोचलेली होती. आता ते महाळुंग्यात एका गोदामात माल उतरवून घेतात. चाकणला बाजारात एकदा समोरच आले. “बरं आहे ना मॅडम?” त्यांनी विचारलं. “बरं आहे,” मी म्हणाले, आणि भाजी निवडायला लागले.

कायदा मी नंतर नीट शिकले. दर वर्षी नव्या प्राध्यापकांसमोर कॉपीराइटवर तासभर बोलते; चांगलं बोलते, सगळे म्हणतात. नाव न घेता माने सरांचं उदाहरण देते — त्याशिवाय लोकांना गांभीर्य कळत नाही. यंदा एका नव्या मॅडमनी हात वर केला. “पण त्या सरांनी आधी ग्रंथपालांना का नाही विचारलं?”

“विचारायला हवं होतं,” मी म्हणाले, आणि पुढची स्लाइड लावली.