कलिंगडाची दुसरी बाजू

तिडके सर कलिंगड सरळ कापून कधी खायचे नाहीत. आधी अर्धं करून ते ताटात पालथं घालायचे, घुमटासारखं. घुमटाच्या एका अंगाला लवंग टोचायची, लवंगेला चाटून सुरी उभी खाली न्यायची आणि कापलेला भाग अलगद बाजूला करायचा. मग उघड्या पडलेल्या वक्र कडेवर, बरोबर लवंगेपाशी, विणकामाची सुई टेकवायची. "हा झाला उतार," म्हणायचे. सुई माझी असायची. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती आणि मी तासांच्या मध्ये स्वेटर विणायची.

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. नाशिकच्या आमच्या कॉलेजात ते गणित शिकवायचे, मी इंग्रजी. त्यांचं घर मखमलाबादकडे, मळ्यात. भाऊ पहाटे मेथी-कोथिंबीर बाजारात न्यायचे आणि सर लुनावरून कॉलेजला यायचे. पिशवीत खडू, पेपर आणि कुणासाठी तरी दोन जुड्या. वर्गात शुद्ध बोलायचे, पण रंगात आले की मळ्यातली भाषा बाहेर यायची.

मी एकदा विचारलं, "सर, उतार मोजायला फळ कशाला कापायचं?"

"मॅडम, डोंगरावर उभ्या माणसाला उतार विचारा. तो म्हणंल, आधी कुठं निघाला ते सांगा! प्रत्येक दिशेला उतार निराळा. म्हणून एक्स अन् वाय, दोनच दिशा धरायच्या अन् वायला म्हणायचं, तू गप उभा राहा. आता एकटा एक्स चालतोय, त्याचा उतार घ्या. मग एक्सला उभं करा, वायला चालू द्या. दोन सुया झाल्या की वर पोस्टकार्ड ठेवा. ते टेकलं ते स्पर्शप्रतल. लय सोपंय."

गणित मला समजल्याचा तो पहिला दिवस. म्हणून तुमच्या आईची वेळ आली तेव्हा मी त्यांच्याकडेच गेले.

नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. तुमची आई इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि पहिल्या वर्षाच्या गणिताची केटी राहिली होती. दोनदा बसून झालं होतं. या वेळी सुटली नाही, तर तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही, वर्षभर घरी. तुमचे आजोबा वरवर थट्टा करायचे, "या धड्याला कलिंगड, मग पुढच्याला काय, खरबूज?" पण वर्तमानपत्राचं पान उलटायचे नाहीत. मी हॉल तिकीट दिवसातून तीनदा तपासायची. ते जागेवरच असायचं, तरी पुन्हा तपासायची.

एप्रिलभर सर रविवारी आमच्या घरी आले. जेवणाच्या टेबलावर मधोमध कलिंगड, एका बाजूला सर, समोर तुमची आई. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. "वाय काय करतोय?" "गप उभा आहे, सर." "शाब्बास." तिला हसताना ऐकलं की माझ्या छातीवरचा दगड जरा हलायचा.

पेपरच्या दिवशी ती घरी आली ती रडतच. सर आधीच येऊन बसले होते. तिनं प्रश्नपत्रिका पुढे केली. घुमटाचाच प्रश्न आला होता आणि बिंदू उजव्या अंगाला होता.

"माझं उत्तर उणे दोन आलं होतं," ती म्हणाली. "पण कलिंगड आठवलं. आपल्याकडे डाव्या अंगाला उणे होतं, म्हणजे उजवीकडे अधिक असणार. मी खोडलं आणि अधिक केलं. दोन्ही उतारांचं. बाहेर आल्यावर मुली म्हणाल्या, उणेच बरोबर."

सरांनी प्रश्नपत्रिका खाली ठेवली. "लवंग डावीकडं? मी तर उजवीकडं टोचली होती." मग ते उठले, टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीमागे गेले आणि तिथून रिकाम्या टेबलाकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या उजव्या हाताला होती ती लवंग तिच्या डाव्या हाताला होती. ते ज्या बाजूनं उतरत होते, ती बाजू तिला इथून चढताना दिसत होती.

"पोरी, तुझी नाय, ही माझी चूक हाय," ते म्हणाले. "इतकी वर्षं फळ्याकडं तोंड करून शिकवलं. तिथं पोरांचं अन् माझं उजवं एकच असतं. समोर बसून शिकवलं ते तुलाच."

निकालापर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नका. सर रोज माझ्या टेबलाशी यायचे. "काही कळलं?" नाही म्हटलं की परत जाऊन बसायचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा कलिंगड आणलं नाही.

तीन मार्कांनी गेली.

तो प्रश्न आठ मार्कांचा होता. मी सरांना स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या कलिंगडानं माझ्या मुलीचं वर्ष खाल्लं." पुसायला काढलेला चष्मा त्यांच्या हातातच राहिला. हे वाक्य मला परत घ्यायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी दारात लुना वाजली. मला वाटलं, जाब विचारायला आले. हातात लाल भोपळा होता. कलिंगडाचे दिवस सरले होते. ते माझ्याकडे न बघता तुमच्या आईला म्हणाले, "ताई, मी कुठं बसू?" तिनं शेजारची खुर्ची ओढली. पुढचे कितीतरी रविवार ते तिथंच बसले, आणि पुढच्या परीक्षेला ती केटी सुटली.

तेव्हापासून त्यांची ती सवयच झाली. शिकवायचं असो, भांडण मिटवायचं असो, आधी विचारायचे, "मी कुठं बसू?" तुमच्या आईच्या लग्नात व्याह्यांचा रुसवा काढायलाही त्यांनी खुर्ची उचलून व्याह्यांच्या बाजूला नेली होती.

त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. दवाखान्यात मी गेले तेव्हा सवयीनं समोरच्या स्टुलावर बसले. स्टाफरूममधल्या त्या वाक्याची माफी मागायची, असं घरून ठरवून निघाले होते. शब्द जुळवतच होते, तर त्यांनी नळी लावलेला हात हलवला.

"मॅडम, तिथनं नाय. हिकडं या."

मी स्टूल उचलून त्यांच्या उशाशी नेलं. तिथून खिडकी दिसत होती, खिडकीतून रस्ता आणि रस्त्यावर भाजीची हातगाडी ढकलत नेणारा एक माणूस. मघाशी माझी तिकडे पाठ होती. आम्ही दोघं तो माणूस वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिलो. माफीचं तसंच राहिलं.

चार दिवसांनी ते गेले.

परवा तू, धाकट्या, कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लावून मला वही दाखवत होतास आणि मी ओरडले, "उलटं धरलंयस!" तू म्हणालास, "आजी, माझ्याकडून सरळ आहे." मी गप्प झाले ती रागावून नाही. स्टूल कुठं न्यायचं, ते बघत होते.