मास्तरने मापलेलं घर

मी तिची नणंद. वहिनीचं कौतुक करणं नणंदेच्या कामात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी आज मी करणार आहे, आणि कुणी मध्ये बोललेलं मला चालणार नाही.

वहिनी कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करते. तिथे तिला सगळे 'मास्तर' म्हणतात, मालकसुद्धा. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ-साठ थर पसरलेले असतात, वर तिचा कागदी नमुना, आणि ही बाई हातातलं मशीन त्याच्या कडेने असं फिरवते की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. एक रेघ चुकली की साठ शर्टांचं वाटोळं. सव्वीस वर्षांत ते एकदाही झालेलं नाही. मी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलं. चहात साखर किती घालायची यावरून मी जिच्याशी हुज्जत घालते ती हीच का, असं झालं मला.

दादा, म्हणजे माझा भाऊ, बस चालवायचा. दोन वर्षांपूर्वी डेपोत शिडीवरून पडला, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गेलं. हात मात्र ड्रायव्हरचेच राहिले, दणकट. पलंगावरून व्हीलचेअरमध्ये, व्हीलचेअरमधून पलंगावर, आपला आपण सरकतो. अडतं ते एकाच ठिकाणी. त्यांचा फ्लॅट नवा, चकचकीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टबिफ्ट सगळं आहे. पण बाथरूमचं दार एवढंसं की खुर्ची आत जातच नाही. मग वहिनी त्याला दारातच प्लास्टिकच्या स्टुलावर घेते, स्टूल जेमतेम अर्धं आत ओढते, आणि स्टुलामुळे दार उघडंच राहतं. पुढे एक पडदा लावलाय.

हाच माझा दादा पूर्वी पेपर घेऊन आत गेला की तासभर बाहेर यायचा नाही. आम्ही दार बडवायचो, वाट्टेल ते बोलायचो, आतून फक्त पान उलटल्याचा आवाज. आता पडद्याआडून दोन मिनिटांत "झालं" म्हणतो. पाणी प्यायचंच कमी केलंय त्याने. दुपारनंतर तर घोटभरसुद्धा नाही. डॉक्टर त्याला ओरडले तेव्हा तो हसला. वहिनी हसली नाही. दर सुट्टीच्या दिवशी ती घरं बघत फिरायला लागली.

आणि बाईसाहेबांना आवडलं कुठलं? तर ऐन शहराच्या पोटातलं, जुन्या वस्तीतलं. मी बघायला गेले आणि कपाळाला हात लावला. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान, शेजारी सुताराचा कारखाना, दिवसभर करवत चालू. छताच्या एका कोपऱ्यात ओल. नळ सगळे बदलायचे, वायरिंग माझ्या वयाचं.

"वहिनी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? चांगला फ्लॅट सोडून या भंगारात?"

"वकीलबाई, आधी आत या," ती म्हणाली. मी वाद घालते म्हणून ती मला वकीलबाई म्हणते.

आत गेले आणि, खोटं कशाला बोलू, बघतच राहिले. रस्त्यापासून एकच पायरी, फळी टाकली की खुर्ची चढेल अशी. मधून रुंद पॅसेज, दोन्ही बाजूंना दोन-दोन खोल्या, अशा ऐसपैस की मधोमध उभं राहिलं तर भिंतीला हात लावायला चालत जावं लागेल. खिडक्या मोठ्या, खाली बसल्या बसल्या रस्ता दिसेल अशा. दादाला दोन वर्षांत आभाळाशिवाय काही दिसलेलं नाही. सायकलवाला कुणाशी तरी तावातावाने भांडत होता. हे दादाला आवडेल, असं मनात आलं, पण मी बोलले नाही. माझाही काही स्वभाव आहे.

मालकीणबाई रिटायर्ड नर्स, लेकीकडे राहायला निघालेल्या. त्यांच्याबरोबर एक एजंट होता, भलताच बोलका. "मॅडम, लवकर सांगा हं, दुसरी पार्टी तयार आहे." या लोकांची दुसरी पार्टी कायमच तयार असते, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं.

वहिनीने दादाला यातलं काही सांगितलं नव्हतं. "त्यांना आशा लावायची आणि मग नाही म्हणायचं, हे माझ्याच्याने होणार नाही," ती म्हणाली. दादा दुपारी झोपला असताना तिने टेप घेऊन खुर्ची मोजली, पलंग मोजला, कपाट मोजलं. आणि मग जे केलं ते फक्त तिलाच सुचू शकतं. कारखान्यातून खाकी कागदाचा रोल आणला आणि सगळ्या सामानाचे नमुने कापले, खऱ्या मापाचे. पुढच्या रविवारी ते घेऊन आम्ही दोघी त्या घरात.

तिने चपला काढल्या, गुडघ्यांवर बसली आणि एकेक कागद जमिनीवर पसरायला लागली. हा पलंग, हे कपाट, हे टेबल. मग खुर्चीचा नमुना हातात घेऊन पॅसेजमधून सरकवत निघाली. वळण आलं की कागद वळवायची. पन्नाशीची बाई, पण रांगत सगळं घर फिरली. तिच्या मागून वाकून वाकून माझी कंबर धरली.

"मॅडम, घराला शर्ट शिवताय का?" एजंट म्हणाला.

"अंगाला येतंय का ते बघते," वहिनी मान वर न करता म्हणाली.

"अहो, टेपने मोजा की. आकडा कळला म्हणजे झालं."

"आकड्यात माणूस अडकलेला दिसत नाही. कागद अडकला की दिसतं."

मालकीणबाई मात्र भिंतीला टेकून एकटक तिच्याकडे बघत होत्या.

पलंग बसला. कपाट बसलं. स्वयंपाकघरात खुर्ची गोल फिरली. शेवटी पॅसेजच्या टोकाला बाथरूम. आत जागा भरपूर, पण दार दगडी भिंतीत बसवलेलं. त्या भिंतीवर वरचा सगळा भार. दार रुंद करायचं नावसुद्धा काढू नका, असं वहिनीने दाखवायला आणलेल्या गवंड्याने आधीच बजावलं होतं. वहिनीने कागद उंबऱ्याशी नेला. एका बाजूची कड चौकटीला लावली. दुसऱ्या बाजूची कड वर दुमडली गेली. अर्धा इंच, जास्त नाही. तिने कागद उचलला, पुन्हा लावला. पुन्हा उचलला, पुन्हा लावला. मग शांतपणे सगळे नमुने गोळा केले, गुंडाळी केली आणि मालकीणबाईंना म्हणाली, "घर फार चांगलं आहे तुमचं. आमच्या नशिबात नाही."

इतके दिवस मीच नको नको म्हणत होते, आणि आता रिक्षात मलाच रडू येत होतं. मेलं अर्ध्या इंचासाठी! ती मात्र गुंडाळी मांडीवर धरून सरळ बसली होती. मला तिचा रागच आला. जरा तरी त्रागा करावा की नाही माणसाने?

चार दिवसांनी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. दादा आतल्या खोलीत टीव्हीसमोर. वहिनी स्वयंपाकघरात ते खाकी कागद कापून ड्रॉवरमध्ये अंथरत होती. वाया काही घालवायचं नाही, हा तिचा दुसरा आजार. मी मदतीला बसले. हातात आला तो खुर्चीचा नमुना. कडेच्या आत, सगळीकडे सारख्या अंतरावर, पेन्सिलची बारीक रेघ होती.

"ही आतली रेघ कसली गं?"

"शिवणीची," ती हातातलं काम न थांबवता म्हणाली. "तिच्या बाहेर इंचभर माया सोडायची आणि मग कापायचं. नाहीतर शिवायला कापड उरेल का?"

"खुर्चीला कसली शिवण, वहिनी?"

तिची कात्री थांबली. तिने कागद माझ्या हातातून घेतला. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "पंचवीस इंच मोजली होती. मी सत्तावीस कापली."

"म्हणजे?"

"म्हणजे हाताने आपलं काम केलं, वकीलबाई! पलंगाला सोडली, कपाटाला सोडली, सगळ्याला माया सोडून बसलेय मी! साडेसव्वीसचं दार आहे ते. खुर्ची जाते. अगं, जाते ती!"

आणि ती हसायला लागली. जमिनीवर बसून, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. मीही हसत सुटले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. दोन वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं. सव्वीस वर्षांतली तिची पहिली चूक, आणि तीही कुणाला जास्त जागा द्यायची चूक! हिला काय म्हणावं?

एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, मी सांगत होतो ना? दुसरी पार्टी आता घरातच उभी आहे." या वेळी ती खरंच होती.

वहिनी दादासमोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दादा भडकला.

"मला न विचारता माझी मापं घेत होतीस? मी काय सोफा आहे?"

"भांडण रिक्षात करू," वहिनी म्हणाली. "आत्ता चला. मी एकदा चुकलेय, आता कागदावर माझा विश्वास नाही. तुम्हीच हवे."

दादा निमूट निघाला.

आम्ही पोहोचलो तेव्हा एक नवराबायको खोल्या बघत होते. एजंट आडवा यायला लागला. मालकीणबाईंनी दादाची खुर्ची पाहिली, वहिनीचा चेहरा पाहिला आणि स्वतः पुढे होऊन पॅसेजमधलं टेबल बाजूला ओढलं. "जाऊ दे त्यांना," त्या म्हणाल्या.

दादा पॅसेजमधून निघाला. वहिनी मागून ढकलायला गेली, त्याने हातानेच तिला थांबवलं. दाराशी आल्यावर चाकांवरचे हात काढून चौकट दोन्ही बाजूंनी पकडली आणि जोर लावून खुर्ची आत ओढली. दोन्हीकडे बोटभर जागा उरली. तो आत गेला, आत वळला, आमच्याकडे बघितलं. मग दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

वहिनीने भिंतीला पाठ टेकली. दोन वर्षांत तिच्या नवऱ्याच्या आणि तिच्या मध्ये बंद दार आलं नव्हतं. ते आलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. त्या नवराबायकोला बाथरूम बघायचं होतं. एजंट घड्याळ बघत होता. "साहेबांना जरा सांगता का?" त्याने मला विचारलं. मी नाही म्हटलं.

मालकीणबाई त्या दोघांकडे वळल्या. "माफ करा, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला," त्या म्हणाल्या. "घर गेलं."

वहिनीने डोळे पुसले आणि दारावर हलकेच टकटक केली. "अहो, ऐकलंत का? बरे आहात ना?"

"बरा आहे," आतून दादाचा आवाज आला, अगदी पूर्वीसारखा, कुरकुरता. "पेपर आहे का गं बाहेर कुणाकडे?"