चोवीस छातीचा सदरा

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात, धनगरांची एक वाडी. छप्पन-सत्तावन साल असेल. मी तिथे नवा मास्तर होतो. आज नव्वदीला टेकलोय... तरी हे आठवलं की राग जसाच्या तसा येतो.

शाळा नुकतीच निघाली होती. पोरं घोंगडीचे तुकडे पांघरून यायची. काहींना तेवढंही नसायचं, मग ती यायचीच नाहीत. भोरच्या एका मंडळाने कळवलं की सगळ्या मुलांना सदरे देणार, मापं पाठवा.

मी भोरहून शिंप्याची टेप उसनी आणली. एकेका पोराची छाती मोजली आणि नावापुढे माप लिहून पाठवलं. वाडीत त्या पंधरवड्यात दुसरा विषय नव्हता.

गाठोडी आली. कापूरहोळपर्यंत एस.टी.च्या टपावरून, पुढे बैलगाडीने, शेवटी डोक्यावरून. पांढरे, कडक खळीचे सदरे... सगळे एकाच मापाचे. चोवीस छाती.

लहानांच्या अंगात ते गुडघ्यापर्यंत लोंबले. मोठ्यांचे हात बाहीत अर्ध्यावर अडकले. हिराबाईचा थोरला बाळू काखेत टर्रकन उसवलेला सदरा घेऊन उभा राहिला आणि वाडी पोट धरून हसली. हिराबाई नाही हसली. तिची तीन पोरं, त्यातली दोन माझ्या शाळेत. "गुरजी," ती म्हणाली, "ह्ये कुनाच्या मापाचं शिवलंय?"

दुसऱ्या दिवशी मी भोरला गेलो. मंडळाच्या चिटणीसांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. एकच कटिंग केलं की कापड वाचतं, म्हणाले. म्हणून सगळ्या मापांची बेरीज केली, मुलांच्या संख्येने भागली. सरासरी चोवीस आली.

"पण चोवीस छातीचं एकही पोर माझ्याकडे नाही."

"असं कसं होईल, मास्तर? सरासरीच चोवीस आहे. हिशोबात चूक असेल तर दाखवा."

चूक नव्हती. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर. माझ्या शाळेत एकवीसच्या आसपास एक घोळका होता आणि सत्तावीसच्या आसपास दुसरा. मधली जागा रिकामी. मापं नीट लावून एकदा नजर टाकली असती तरी दिसलं असतं... पण बेरीज झाल्यावर ती मापं कुणी पाहिलीच नव्हती.

निघताना त्यांनी सांगितलं, पुढच्या आठवड्यात पाहुणे येतील, मुलं नव्या सदऱ्यात बसवा. सदरे बदलून मिळणार नाहीत. मी चहा तसाच ठेवून उठलो.

परत चढ चढताना वरच्या पडीक रानात शेरडं दिसली. त्यांच्यामागे सखू, हिराबाईची मधली. परकरावर पांढरा सदरा... खांदा खांद्यावर, बाही मनगटावर. कुठे सुरकुती नाही.

हिराबाईला विचारलं तर ती खूश होती. "बाळूचाच टाकं घालून दिला, बरोब्बर बसला बगा. जनू तिच्याच अंगावर बेतलाय."

"सखू शाळेत का येत नाही?"

"थोरल्याला चौथी करून पुन्याला धाडायचाय. धाकटं अजून शेरडांमागं जायाजोगतं न्हाई. मग ऱ्हायलं कोन? का तुमी जाताव, गुरजी?"

आता मात्र ती हसली. शेजारच्या बायाही हसल्या. मी घरं हिंडलो. बहुतेक दारांत हेच... थोरला शाळेत, धाकटा शाळेत, मधलं पोर जनावरांमागे. सरासरीने ज्यांचे सदरे शिवले होते ती सगळी डोंगरावर होती.

मग मी रागानेच ठरवलं. मंडळाला सदऱ्यात मुलं हवी होती ना. एका दिवसापुरतं बाळूने शेरडांमागे जावं, सखूने शाळेत बसावं; घरोघरचं मधलंच पोर त्या दिवशी यावं. हिराबाई एवढंच म्हणाली, "येकच दिस हां, गुरजी. बाळू शेरडं हरवील."

पाहुणे आले. समोर पांढऱ्या सदऱ्यांची ओळ... एकाही पोराच्या अंगात सदरा सैल नाही की तंग नाही. चिटणीस माझ्याकडे बघून मान डोलावत होते. बघा, म्हणत होते, बसले की नाही!

पाहुण्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले आणि सखूला उठवलं. वाच, बाळ.

सखू फळ्याकडे बघत राहिली. मग शेजारच्याला उठवलं, तोही तसाच. मग त्याच्या पलीकडची. पाहुण्यांचा हात खडूसकट तसाच राहिला. चिटणिसांचा चेहरा पडला. "मास्तर, यांना काहीच येत नाही?"

"ही तुमची सरासरी आहे," मी म्हणालो. "आज पहिल्यांदाच शाळेत आली आहे."

पुढे खूप बोलणी खाल्ली. त्याचं काही नाही.

पाहुणे गेले, पोरं पांगली. सखू जागची उठली नाही. फळ्यावरचे शब्द अजून तसेच होते. ती त्यांच्याकडेच बघत म्हणाली, "उद्या बी यायाचं का, गुरजी?"

दारात न्यायला आलेली हिराबाई उभी होती. "उद्या शेरडं काय मी बांधून ठिऊ?" ती सखूवर खेकसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

सखू उठली. सदऱ्याची धूळ नीट झटकली आणि आईच्या मागे चढाला लागली. बाळू दुसऱ्या दिवशी उघड्या अंगाने येऊन आपल्या जागेवर बसला.

अजूनही कुणी सरासरी सांगितली की मला तो आकडा ऐकू येत नाही... त्या मापाचं पोर आत्ता कुठे आहे, एवढंच मी विचारतो.