समासातला 'डावीकडे'

माझी निम्मी नोकरी दुसऱ्यांच्या मजकुरातले 'असे म्हणतात' खोडण्यात गेली. आधी पुण्यात दैनिकात उपसंपादक, नंतर कुवेतमध्ये एका कंपनीच्या माहितीपत्रात. चमत्कार मानणाऱ्यांतला मी नाही... तरी घडले ते क्रमाने लिहितो.

नव्वदच्या दशकाची अखेर, फेब्रुवारी महिना. कुवेतमधल्याच अहमदीत आमच्या शेजारी मार्थाबाय राहत — वसईच्या, पेशाने नर्स. तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळींसाठी त्या संतचरित्रांची पुस्तिका काढत होत्या. दोन टाइप केलेली पाने त्यांनी मला तपासायला दिली.

"दादा, संतांना तरी सोडा. त्यांच्याकडे सातबारा मागू नका."

पाने संत ब्लेझ यांची होती. आर्मेनियाचे बिशप, घशात माशाचा काटा अडकलेल्या मुलाला त्यांनी वाचवले, पुढे हुतात्मा झाले. चरित्र मात्र काही शतकांनंतरचे. एका ओळीशी मी समासात लाल पेनने लिहिले : "'डावीकडे' — आधार काय?" पाने ड्रॉवरमध्ये ठेवली.

त्याच आठवड्यात आमची सात वर्षांची नेहा गिळेनाशी झाली. ताप चढला. जाब्रियातल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी टॉन्सिल्स सांगितले. एक्स-रे स्वच्छ. कुठे दुखते विचारले, तर "एव्हरीव्हेअर." तिसऱ्या दिवशी मान आखडली, पाणीही आत जाईना. औषध बदलून बघू, असे म्हणून डॉक्टर निघाले होते. मला ड्रॉवरमधली पाने आठवली. मी म्हणालो, "घशात डावीकडे काटा आहे का, एकदा बघाल?"

"बच्चीने मछली खाई थी?"

मला माहीत नव्हते. पत्नी दचकली. "शुक्रवारी सुबूर केला होता. आपला पाला मासाच तो, काटेच काटे. पण मी भाताचा गोळा गिळायला दिला ना... 'गॉन, मम्मा' म्हणाली."

काटा गेला नव्हता. भाताने तो आणखी आत रुतवला होता. भूल देऊन तपासले तेव्हा डाव्या टॉन्सिलच्या मुळाशी सापडला, भोवती पू. आणखी एक दिवस गेला असता तर काही सांगता आले नसते, असे डॉक्टर म्हणाले.

नेहा घरी आल्यावर मी मार्थाबायना पाने परत केली. त्यांनी समास वाचला, ओळ वाचली, पुन्हा समास.

"दादा, यात 'डावीकडे' कुठंय?"

ओळ होती : 'काटा घशात अडकला होता.' एवढीच. खाडाखोड नाही. ज्या वहीवरून त्यांनी टाइप केले, तिच्यातही तो शब्द नव्हता. दुसरी प्रत कधी टाइपच झाली नव्हती. अक्षर माझेच, आणि पाने नेहाच्या दुखण्याआधी ड्रॉवरमध्ये गेलेली.

"मी लिहिलंच नाही, तर तुम्ही हरकत कशावर घेतली?"

मी पान पुन्हा दिव्याखाली धरले. ओळ तीच होती.

डॉक्टरांचे आभार मी काटा सापडला त्याच दिवशी मानले होते. मार्थाबायचे मानायला गेलो, तर "माझे कशाला?" म्हणाल्या. मग कोणाचे, हे ठरवण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. नाव न घेता मानतो.