चौदाव्या चित्रातला पाय

एर्कोले झांबेल्ली लाकडी ठसे कोरायचा. बोलोन्यात कालव्याकाठच्या गल्लीत त्याचे दुकान होते. त्याची एक खोड गल्लीत सर्वांना ठाऊक होती. कुठलेही चित्र हातात आले की तो आधी पाय बघायचा, मग चित्र संताचे असो, घोडेस्वाराचे असो की पत्त्यांतल्या राजाचे. शेजारी त्याला मागून 'पायवाला' म्हणत. ते त्याच्या कानावर जाई, पण तो चिडत नसे.

ही खोड जन्माची नव्हती. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत तो पाय सर्वांत आधी कोरायचा आणि विसरून जायचा. जमीन पक्की झाली की वरचा माणूस आपोआप उभा राहतो, हे त्याला त्याच्या वडिलांनी शिकवले होते. मांडी, कूस, खांदा, शेवटी चेहरा आणि हात, असा त्याचा क्रम ठरलेला होता.

त्या वर्षी गावातल्या एका वस्तादाने तलवारबाजीचा ग्रंथ लिहिला. छापखानावाल्या पेल्लेग्रीनोने बत्तीस चित्रांचे काम एर्कोलेला दिले. चित्रकाराचा कागद ठोकळ्यावर पालथा चिकटवायचा, पाठीमागून दिसणाऱ्या रेषांवरून कोरायचे, म्हणजे छापताना माणूस सुलटा उतरतो. चौदाव्या चित्राचा कागद जाड निघाला. पाठीमागून रेषा दिसेनात, म्हणून एर्कोलेने तो सुलटाच चिकटवला. पाय कोरून झाले, कमरेपर्यंत पोचला, तेव्हा त्याच्या लक्षात आले की छापल्यावर हा गडी डावखुरा होणार. त्याने स्वतःच्या हाताने तलवार दुसऱ्या हातात काढली, खांदा वळवला आणि कोरून टाकले. पायांचे काम त्याच्या लेखी कधीच संपले होते.

पेल्लेग्रीनोने ठसा तपासला, वस्तादानेही तपासला. दोघांनी तलवारीचा कोन पाहिला आणि वाहवा केली.

छपाईत शाई फाकलेली काही पाने रद्दीत निघाली. ती एर्कोलेने घरी आणली आणि इप्पोलितोला दिली. इप्पोलितो ताग विंचरण्याच्या कारखान्यात होता. पुढच्या वर्षी द्राक्षे उतरल्यावर एर्कोलेच्या मुलीशी, कॅमिलाशी, त्याचे लग्न व्हायचे होते. कारखाना सुटेपर्यंत तालीम बंद व्हायची, त्यामुळे वस्तादाकडे जाणे त्याच्या नशिबी नव्हते. त्याला वाचताही येत नव्हते. त्याने पाने भिंतीला डकवली आणि चित्रे बघून पवित्रे घ्यायला लागला. चौदावे त्याचे आवडते होते. जमिनीवर कोळशाने दोन पावले आखून तो रोज त्यांवर उभा राहायचा.

दीड वर्षाने पेल्लेग्रीनोने एर्कोलेला बोलावले. दुसरी आवृत्ती काढायची होती.

"ये रे ये, कलावंता! फेराराहून एका गिऱ्हाइकानं पत्र धाडलंय. विचारतोय, तुमचा चौदावा गडी लढतोय का नाचतोय?"

"का? काय झालं?"

"मजकुरात उजवा पाय पुढे आहे. तुझ्या गड्यानं डावा टाकलाय. डावी कूस उघडी टाकून उभा आहे बिचारा, या म्हणतोय, भोसका! मी पाहिलं नाही, वस्तादांनी पाहिलं नाही, तूही पाहिलं नाहीस. तिघंही आंधळे." पेल्लेग्रीनो पोट धरून हसला.

एर्कोलेला हसू आले नाही. तो तसाच उठून इप्पोलितोच्या खोलीवर गेला.

कारण शुक्रवारी इप्पोलितोची लढत होती. दोर वळणाऱ्या सिल्वेस्त्रोने वजनकाट्यापाशी चारचौघांत म्हटले होते की हा चांगल्या तागाच्या पेंढीत आखूड काडी दडवतो. इप्पोलितोने त्याला 'तू खोटा' म्हटले. तो शब्द एकदा गेला की बोलोन्यात माघार घेऊन कोणाला राहता येत नाही.

"मेस्सेर एर्कोले! लग्नाआधी सासरा जावयाच्या दारात? लोक काय म्हणतील?"

"ते चित्र चुकलंय."

"कुठलं?"

"चौदावं. उजवा पाय पुढे हवा. मीच चुकलोय कोरताना."

इप्पोलितोने भिंतीकडे पाहिले, मग आपल्या पायांकडे. "थट्टा करू नका. दीड वर्ष उभा आहे मी यावर. झोपेतून उठवलंत तरी हाच पाय पडेल."

"मग लढू नकोस."

"ते सोडून बोला. पाय कुठे ठेवू, तेवढं सांगा."

एर्कोलेने आयुष्यात तलवार धरली नव्हती. तो मजकुरावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागला. कोळशाची पावले पुसली, खडूने नवी आखली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही संध्याकाळी दोघांचे हेच चालले होते. कॅमिला पाव आणि चीज घेऊन आली तेव्हा दारातच थबकली.

"बाबा, तुम्ही याला तलवार शिकवताय? तुम्हाला पावाची सुरी नीट धरता येत नाही!"

"चूक दुरुस्त करतोय," एवढेच तो म्हणाला.

गुरुवारी शेवटी इप्पोलितोने मोजले. दहा वेळांत सहा वेळा उजवा पाय पुढे पडला.

"दहात सहा. वाईट नाही, मेस्सेर. आणखी आठवडा मिळता तर दहाच्या दहा पडले असते."

जिना उतरताना एर्कोले मध्येच थांबला. वर जाऊन सांगावे, सगळे विसर, जुन्याच पायावर लढ, असे त्याच्या मनात आले. पण चुकलेल्या पायावर लढ, हे त्याच्या तोंडून निघेना. तो घरी गेला.

शुक्रवारी सकाळी कालव्याच्या दारापलीकडच्या कुरणात लढत झाली. एर्कोले गेला नाही. सिल्वेस्त्रोची तलवार इप्पोलितोच्या डाव्या बरगडीखालून आत गेली. दुपारपर्यंत तो जिवंत होता. सिल्वेस्त्रो मोदेनाच्या हद्दीत पळून गेला.

पुढे कित्येक महिने एर्कोले त्या कुरणात हजर असलेल्या एकेका माणसाकडे गेला. प्रश्न एकच होता. घाव बसला तेव्हा कुठला पाय पुढे होता?

कालव्याच्या दारावरचा राखणदार तोन्यिनो म्हणाला, "पायाकडे कोण बघतं, मेस्सेर? आम्ही सगळे तलवारीच्या टोकाकडे बघत होतो."

"काहीच आठवत नाही?"

"एक आठवतं. मध्येच क्षणभर अडखळला तो. घरातून निघताना काहीतरी विसरलं की माणूस उंबऱ्यावर थांबतो ना, तसा."

हे उत्तर एर्कोलेने घरी सांगितले नाही. पण गल्लीत काही लपून राहत नाही. एका दुपारी कॅमिला दुकानात येऊन उभी राहिली.

"तुम्ही त्याला सांगितलंच नसतं तर?"

"ठाऊक नाही."

"आणि मुळात नीट कोरलं असतं तर?"

कॅमिलाने जमिनीवर पडलेला लाकडाचा भुसा झाडून काढला आणि ती गेली. दोन वर्षांनी तिचे एका मेणबत्तीवाल्याशी लग्न झाले. ती बापाकडे येत असे, पण दुकानात तिने पुन्हा पाऊल ठेवले नाही.

दुसऱ्या आवृत्तीसाठी एर्कोलेने चौदाव्या ठशातले दोन्ही पाय घोट्यापासून छिलून काढले, त्या जागी नासपतीच्या लाकडाचे तुकडे सरसाने बसवले आणि त्यांवर नवे पाय कोरले. छापल्यावर घोट्याभोवती केसाएवढी पांढरी रेघ उमटली.

"नवा ठोकळा कोरून देतोस का?" पेल्लेग्रीनोने विचारले. या वेळी तो हसत नव्हता. "नाहीतर राहू दे. एवढीशी रेघ, कोणाला दिसणार आहे?"

"राहू दे," एर्कोले म्हणाला.

तो आणखी एकवीस वर्षे जगला. ग्रंथ त्या काळात आणखी दोनदा छापला गेला. दमट हवेत ते तुकडे सैल होत. प्रत्येक छपाईच्या आधी तो सरसाचे भांडे घेऊन छापखान्यात जायचा, तुकडे घट्ट बसवायचा आणि पहिला कागद निघेपर्यंत यंत्रापाशी उभा राहायचा. कागद हातात आला की उजव्या पायावर बोट ठेवून बघायचा. पाय बरोबर असे. मग तो घरी जायचा.